टुंड्रा सर

आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे एक सर होते, त्यांना पोरं ‘टुंड्रा’ म्हणायची. पोरांचं तसं चुकत नव्हतं. दुष्काळाचे दिवस. डोक्यावर पत्रे तापलेले, वर्गातल्या निम्म्या पोरांनी सकाळी दुष्काळी कामावर मातीच्या पाट्या टाकून मग कॉलेज गाठलेलं, आणि हे फळ्यावर पृथ्वीचा गोळा काढून त्याच्या टाळूला खडू घासत सांगायचे, “इथली जमीन बारा महिने गोठलेली. वरचा वीतभर थर काय तो उन्हाळ्यात सैल होतो. तेवढ्यात बिचाऱ्यांनी उगवायचं, फुलायचं, बी धरायचं. केवढी घाई हो!” असं म्हणताना ते खरोखर कळवळायचे.

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणायचं, “सर, तिकडं पानी तरी हाय की!”

वर्ग खो खो हसायचा. सर हातातला खडू खाली ठेवायचे, विचार करायचे आणि मनापासून कबूल करायचे, “बरोबर आहे तुझं. पण गोठलेलं आहे. असून उपयोग नाही.”

मी शेजारच्या वर्गात सहकार शिकवायचो. मधे भिंत नव्हती, बांबूचा तट्ट्या होता. त्यामुळं माझ्या पोरांना सहकाराच्या तत्त्वांबरोबर ध्रुवप्रदेशही येत होता. कॉलेज नवं, गाव तालुक्याचं, तुळजापूरहून एस.टी.नं तासाभरावर. संस्था चेअरमनसाहेबांची. साखर कारखान्याचे चेअरमन तेच, संस्थेचे तेच, आणि दुष्काळात छावणीला कुणाचं जनावर घ्यायचं हे ठरवणारेही तेच. मी मूळचा ढोकीकडचा, घरी विहिरीवरचा ऊस, वडील कारखान्याचे सभासद. नोकरी मला कशी लागली हे निराळं सांगायला नको. सर मात्र औरंगाबादेला शिकून, गुणांवर आले होते. त्यांच्या घराण्यात शाळेची पायरी चढलेले ते पहिले.

गावात त्यांना खोली मिळाली नाही. आधी प्रत्येक घरमालक ‘बघू’ म्हणायचा, मग आडनाव विचारायचा, मग त्याचा पुतण्या शिकायला येणार असायचा. इतके पुतणे एकाच साली गावात यायचे होते! शेवटी प्रिन्सिपॉलांनी प्रयोगशाळेमागची सामानाची पत्र्याची खोली त्यांना दिली. आम्ही सगळे म्हणालो, वा, प्रयोगशाळेजवळच राहणं सोयीचं. त्याचं खरं कारण आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, पण उच्चारायची एकाचीही छाती झाली नाही. मी भाड्यानं राहायचो त्या मालकीणबाईंच्या माडीवरची एक खोली वर्षभर रिकामी होती.

सरांना त्याचं काही वाटलं असं दिसलं नाही. त्यांना जागा हवी होती ती झाडं दाबायला. रानातून आणलेली झाडं वर्तमानपत्राच्या घडीत घालायची, वरून वजन ठेवायचं, रोज ओलसर झालेला कागद बदलायचा, आणि पार वाळली की जाड कागदावर शिवायची, असा तो उद्योग. वजनासाठी दुसरं काही नव्हतं म्हणून ते त्या गठ्ठ्यांवरच गादी टाकून झोपायचे. “अंगाखाली तरवड आहे, सर,” एकदा मला म्हणाले, “कूस बदलली की वाजतो.”

कागदासाठी ते गावभर रद्दी मागत फिरायचे. वाणी वैतागायचा, कारण पुड्या बांधायला कागद उरायचा नाही. आणि झाडाचा कागद बदलताना ते तो वाचायचे. त्यामुळं त्यांना प्रत्येक बातमी चार-पाच महिन्यांनी कळायची, आणि तिचा आनंद किंवा दुःख ते त्याच ताजेपणानं करायचे. भर मार्चमध्ये एकदा धावत स्टाफरूमला आले, “सर, येत्या दोन दिवसांत मराठवाड्यात सर्वत्र पाऊस!” आम्ही बाहेर पाहिलं. रस्त्यावर धुळीचा भोवरा फिरत होता. मग त्यांनीच कागद उलटून तारीख बघितली, आणि ओशाळून निघून गेले.

ओशाळणं हा त्यांचा स्वभावच होता. ‘शरमेची गोष्ट आहे’ हे त्यांचं पालुपद. झाड उपटताना त्याला म्हणायचे, शरमेची गोष्ट आहे, पण लागतंय. शिपायानं चहा आणून दिला तर उभं राहून घ्यायचे आणि तेच म्हणायचे. डब्यात रेशनवरच्या मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची लाल भाकरी असायची, सगळ्यांच्याच असायची. पण आम्ही तिला शिव्या देत खायचो, हे भिंतीकडं तोंड करून खायचे. मी कारण विचारलं. “आमचे आबा खडी फोडतात तलावाच्या कामावर,” ते म्हणाले. “मी सावलीत बसून खातो. शरमेची गोष्ट आहे.”

आता सरांकडच्या एका फुलाबद्दल सांगतो. औरंगाबादेला असताना त्यांनी उत्तरेकडच्या एका थंड मुलखातल्या म्हाताऱ्या बाईंना पत्र लिहिलं होतं. त्या बाईंनाही झाडं वाळवायचा नाद. झाडं गोळा करणारी माणसं अशी एकमेकांना नमुने धाडतात म्हणे. यांनी बाभूळ, तरवड, रुई पाठवली, बाईंनी टुंड्रातलं एक रानफूल. वाळलेलं, कागदावर शिवलेलं. वीतभरही नाही, सगळ्या अंगावर पांढरी लव, इतकी दाट की कापूस पिंजून गुंडाळावा, आणि टोकाला पिवळी फुलं, झेंडूच्या लहानग्या भावंडासारखी. ते फूल सर कुणालाही दाखवायचे. प्रिन्सिपॉलांना दाखवलं, दूधवाल्याला दाखवलं, एस.टी.च्या कंडक्टरला घंटी मारायच्या आधी दाखवलं. “आपल्या करडईच्या भावकीतलं आहे हे,” सांगायचे. “पण स्वेटर घालूनच जन्माला येतं. पाला गोठू नये म्हणून ही लोकर. आत ऊब धरतं.” कंडक्टर म्हणाला, “व्हय का? मग तिकीट कुठलं देऊ?”

मला त्यांच्याबरोबर बाजारातून चालायची लाज वाटायची. हे मी स्पष्टच लिहितो. माझ्यासारख्या बऱ्या घरच्या माणसानं असल्या येड्याबरोबर दिसावं, ही एक लाज. तो येडा त्या वस्तीतला, ही दुसरी. दुसरी मी स्वतःशीही कबूल करत नसे, म्हणून सगळा दोष त्या फुलावर ढकलायचो. तरी रविवारी त्यांच्याबरोबर डोंगरावर जायचोच. गावात त्यांच्याइतकं ऐकण्यासारखं बोलणारं दुसरं कुणी नव्हतं.

बहात्तरच्या भादव्यात त्यांना ते सापडलं. त्या साली पावसानं नावाला दोन-चार शिंतोडे टाकले होते. बालाघाटाचा डोंगर भुंड्या डोक्यासारखा. आम्ही कड्याच्या उत्तर बाजूला, कपारीच्या सावलीत बसलो होतो, आणि सर एकदम उठले, चपला काढल्या आणि गुडघे टेकून बसले. दगडाच्या भेगेत बोटाएवढी चार-सहा रोपं होती. अंगावर पांढरी लव. टोकाला एकेक पिवळं फूल.

“सर,” ते म्हणाले, “मला चिमटा काढा.”

मी काढला नाही. त्यांनी स्वतःच काढून घेतला.

खोलीवर येऊन त्यांनी ते बाईंच्या फुलाशेजारी ठेवलं. भिंग घेऊन पाहिलं, मला पाहायला लावलं. मला तर दोन्ही जुळी वाटली. मग ते घडाघडा सांगू लागले. कोणे एके काळी म्हणे पृथ्वी थंड पडली होती, तेव्हा ही झाडं दक्षिणेला सरकत आली. पुढं ऊन वाढलं तशी सगळी मागं फिरली, आणि एक कुटुंब आमच्या डोंगराच्या सावलीत अडकून पडलं. “हजारो वर्षं, सर! इथं! कुणी ओळखसुद्धा दिली नाही त्यांना!” त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मीही भारावलो. दुष्काळात माणूस कशानंही भारावतो.

ही गोष्ट प्रिन्सिपॉलांच्या तोंडून चेअरमनसाहेबांच्या कानावर गेली. साहेबांना तेव्हा एखादी चांगली बातमी हवीच होती. कारखान्याचा बॉयलर थंड, छावणीत जनावरं मरत होती, सभेला उभं राहिलं की लोक पाणी मागायचे. त्यांना हे फूल आवडलं. “म्हंजे आपल्या डोंगरात बरफातलं फूल हाय?” त्यांनी विचारलं. “जगात कुठं न्हाय आन आपल्या तालुक्यात हाय? करा सत्कार.” सर म्हणत होते, वाळवलेल्या झाडांच्या मोठ्या संग्रहाला नमुना पाठवलाय, तिथल्या जाणकारांचं उत्तर येऊ द्या. पण साहेबांनी मांडव घातलासुद्धा.

सत्काराला सरांच्या वडिलांना आणायला साहेबांनी जीप पाठवली. आबा हे साहेबांच्याच गावचे, लोहाऱ्याच्या वाटेवरचे. आयुष्य साहेबांच्या भाऊबंदांच्या रानात सालगडी म्हणून काढलेलं. ते जीपमधून उतरले. अंगात दुसऱ्याची असावी अशी ढगळ बंडी, हाताच्या बोटांना खडीचे घट्टे. साहेब सवयीनं म्हणून गेले, “आलास का रे?” आणि मग शेजारी उभा असलेला वर्तमानपत्राचा माणूस त्यांच्या ध्यानात आला. “या, या! बसा. इथं, खुर्चीवर.” आबांनी मागं वळून पाहिलं, कुणाला म्हणतायत म्हणून. मागं कुणी नव्हतं. मग ते खुर्चीच्या कडेवर टेकले, आणि कार्यक्रम संपेपर्यंत पाठ टेकली नाही. मी समोरच्या रांगेत होतो. माझी मान आपोआप खाली गेली.

साहेबांनी सरांना शाल घातली, सरांनी ती काढून आबांच्या खांद्यावर टाकली. टाळ्यांनी मांडव दणाणला. आबांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते उभे राहिले, माईककडं पाहिलं आणि म्हणाले, “ह्येला लहानपनी म्या लई मारलं. पाला पाला म्हनून हिंडतंय म्हनून.” आणि बसले. लोक हसले, आणि आबाही हसले. त्यांना असं चारचौघांत हसताना कुणी पाहिलं नसावं, कारण त्यांच्या वस्तीतली जी पाच-सहा माणसं पायी चालत आली होती ती एकमेकांकडं बघू लागली.

त्या दिवसानंतर सरांना गावात मान मिळू लागला. दोन घरमालकांचे पुतणे अचानक यायचे रहित झाले. सरांनी खोली बदलली नाही. पण उन्हाळा लागला तसे ते गप्प होत गेले. फळ्यावरचा पृथ्वीचा गोळा गेला. फुलाचा विषय कुणी काढला की ते उठून जायचे. आम्हाला वाटलं, मान चढला. सगळं गाव आभाळाकडं बघत होतं, हे एकटे खाली मान घालून चालायचे.

मिरगात पाऊस आला. तो कसा आला ते सांगत बसत नाही, ज्यानं तीन वर्षं वाट पाहिली त्याला ते ठाऊक आहे. स्टाफरूम रिकामी झाली, प्रिन्सिपॉल धोतर वर खोचून मैदानात उभे. मी सरांना बोलवायला पळत मागं गेलो तर दार बंद. ढकललं. ते गठ्ठ्यांवरच्या गादीवर पाय वर घेऊन बसले होते आणि समोर डालड्याचा डबा होता. डब्यात गुडघाभर उंचीचं एक रोप, हिरवंगार, तुकतुकीत, फांद्या फुटलेलं, वर पिवळी फुलं.

“हे काय?” मी विचारलं.

“तेच.”

“कशाचं तेच?”

“डोंगरावरचं. त्याचंच बी. अंघोळीचं पाणी घालून वाढवलं.” पत्र्यावर पाऊस इतका बडवत होता की त्यांना ओरडून बोलावं लागत होतं. “पाणी मिळालं आणि लोकर गेली, सर. टुंड्रातलं नाही ते. इथलंच आहे. त्याच कुळातलं आहे, पण इथलंच, सोनकी म्हणतात ती. मी लहानपणी काळ्या रानात वाढलो, ती तिथं नसते. आणि इथं आलो तेव्हापासून डोंगर कोरडाच पाहिला. उपाशी होतं म्हणून तसं दिसत होतं.”

“केव्हा कळलं हे?”

“होळीच्या सुमाराला.”

“मग सांगितलं का नाही?”

त्यांनी डबा जवळ ओढला. मग म्हणाले, “आबांना त्या खुर्चीवरून मी कसं उठवू?”

ते पुढं बोलत राहिले. मोठ्या संग्रहाचं उत्तर यायला वर्ष लागेल, वाटेत हरवेलही. झाड तर पाऊस पडला तरच वाढणार. पडला नाही तर कुणाला कधीच कळणार नाही. “म्हणून मी म्हणत होतो,” ते म्हणाले, “रोज. सकाळी उठलो की. पडू नये म्हणून.”

माझ्या अंगाची लाही झाली. आमची विहीर आटून वर्ष झालं होतं. उसाचं पाचट उरलं होतं. माझ्या वडिलांनी बैलजोडी छावणीला सोडली होती आणि त्यातला एकच परत येणार होता. मी म्हणालो, “सर, शरम वाटायला पाहिजे तुम्हाला.”

“वाटते,” ते म्हणाले.

मी दार आपटून निघून आलो आणि पावसात भिजत उभा राहिलो. पुढं महिनाभर मी त्यांच्याशी बोललो नाही.

गणपतीपर्यंत डोंगर हिरवा झाला आणि नवरात्राच्या आधी पिवळा. नुसता पिवळा. पायथ्यापासून माथ्यापर्यंत जिथं दगड तिथं सोनकी. मला वाटलं, आता सरांची निघते लक्तरं. पोरं तर टपलेलीच असतील. पण झालं ते भलतंच. माझ्या मालकीणबाई घटासाठी टोपलीभर सोनकी घेऊन आल्या आणि माळ ओवायला बसल्या. मी विचारलं, “मावशी, हे फूल ओळखलं का?”

“न वळखायला काय झालं? पाऊसकाळ बरा आसला की दरसाल येती की ही. सरांचं फूल न्हवं का.”

“दरसाल येतं, मग सरांनी शोध कसला लावला?”

मावशींनी माझ्याकडं असं पाहिलं की मी खरंच शिकलोय का याचाच त्यांना संशय आला असावा. “आवो, दुष्काळात हुडकली त्येंनी! ते सोपं हाय व्हय?”

गावभर हाच हिशेब. काहींनी तर पाऊसही सरांच्या खात्यावर घातला, फुलाचा पायगुण म्हणून. कुणी काही विचारणार नव्हतं. चूक कुणाच्या लेखी चूकच नव्हती. मला मनातून बरं वाटलं. राग निवला होता. म्हटलं, सुटले सर.

तेवढ्यात चेअरमनसाहेबांनी संस्थेचं नवं बोधचिन्ह करून घेतलं. दोन उसाची कांडी, मधे उघडं पुस्तक आणि पुस्तकावर ते फूल. पेंटरनं ते सूर्यफुलाएवढं काढलं होतं. खाली लिहिलं होतं, ‘हिमातही फुलू’. दसऱ्याच्या आधी गेटवर फलक लावायचा, चार तालुक्यांतून माणसं बोलवायची आणि सरांनी बोलायचं, असं ठरलं. आबांना न्यायला पुन्हा जीप गेली.

आदल्या दिवशी सर माझ्याकडं आले. “मी सांगणार आहे,” म्हणाले.

“कशाला? कुणी विचारत नाही.”

“पोरं वर्षानुवर्षं त्या गेटातून आत येतील, सर. मी वनस्पतिशास्त्र शिकवतो.”

मी एवढंच म्हणालो की मग फुलाचंच सांगा, दुसरं काही सांगू नका. ते बरं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आबा त्याच खुर्चीत, या वेळी थोडे सावरून बसले होते. ती शाल अंगावर होती. सर उभे राहिले आणि वर्गात शिकवावं तसं शांतपणे सगळं सांगितलं. हे फूल तिकडचं नाही, इथलं आहे. मी चुकलो. फलकावर काढू नये. मांडव क्षणभर गोंधळला. पण साहेब मुरलेले होते. माईक ओढून म्हणाले, “चुकतंय मानूस. आन आपलंच निघालं, परकं न्हाय, ह्ये तर आनिक चांगलं!” लोक हसले, टाळ्याही झाल्या. तिथं ते प्रकरण संपत होतं. सरांनी फक्त खाली बसायचं होतं.

ते बसले नाहीत. त्यांनी माईक परत घेतला. “मला हे होळीलाच कळलं होतं,” ते म्हणाले. “उघडं पडू नये म्हणून मी पाऊस पडू नये असं म्हणत होतो. तुम्ही सगळे आभाळाकडं बघत होता तेव्हा. ही शरमेची गोष्ट आहे. माफी मागतो.”

त्या मांडवात एकही घर असं नव्हतं की ज्याचं जनावर गेलं नव्हतं. बायका पदराआड कुजबुजू लागल्या. मागून एक जण ओरडला, “आरं तिच्या मारी!” आणि दुसऱ्यानं सरांची जात काढली. मोठ्यानं. साहेबांनी त्याला गप्प केलं नाही. मीही केलं नाही. प्रिन्सिपॉलांनी घाईनं राष्ट्रगीत सुरू केलं, आणि ते संपल्यावर बघतो तर सर आणि आबा मांडवात नव्हते.

मी स्टँडवर गेलो. जीप काही त्यांना पोचवायला येणार नव्हती. लोहाऱ्याकडची गाडी यायची होती, दोघं पत्र्याच्या सावलीत बाकावर बसले होते. आबांनी शाल घडी करून मांडीवर घेतली होती. मी बाजूला उभा राहिलो. कुणी बस म्हणालं नाही.

मग सर म्हणाले, “आबा, तुम्ही उन्हात खडी फोडत होता. आणि मी सावलीत बसून हे म्हणत होतो. मला बोला काहीतरी.”

आबा रस्त्याकडं बघत होते. म्हणाले, “म्याबी त्येच म्हनत हुतो.”

“काय?”

“पडू नगं म्हनून.” त्यांनी इकडं तिकडं पाहिलं, मी आहे हे पाहिलं, आणि तरी बोलले. “तलावाच्या कामावर हजेरी लागायची, नावानं. सरकारचा मानूस नाव पुकारायचा, आन हप्त्याला पैसं हातावर टाकायचा, बाया मानसं समद्यांच्या. सगळ्यांला एकाच टाकीचं पानी. कुनाच्या दारात ‘मालक’ म्हनून उभं ऱ्हावं लागत न्हवतं. पाऊस पडला की काम बंद, ह्ये आमाला ठावं हुतं. आमच्यातली लई जनं म्हनायची मनात. बोलायचं कुनी न्हाय.” त्यांनी मांडीवरची शाल सारखी केली. “पडला त्या दिशी समदी नाचायलती. म्या पाटी उपडी करून तिच्यावर बसलो. दुसऱ्या दिवसापसनं परत त्येंच्या रानात. सालानं.”

सरांनी आबांचा हात धरला. दोघंही एकमेकांकडं बघत नव्हते. सर रडत होते की नाही ते मला दिसलं नाही, मी पाहिलंही नाही.

गाडी आली. कंडक्टर ओरडू लागला. आबा उठले, पायरीवर पाय ठेवला आणि माझ्याकडं वळले. स्वर अगदी साधा होता, गावाकडची खुशाली विचारावी तसा. “सर, तुमी काय म्हनत हुता?”

“मी पडावा म्हणत होतो,” मी म्हणालो. “आमची जमीन आहे.”

“व्हय,” आबा म्हणाले, “तुमी पडावाच म्हननार.”

गाडी गेली. सर दसऱ्यानंतर राजीनामा देऊन गेले, ते पुन्हा मला भेटले नाहीत. मला आयुष्यात पुष्कळ गोष्टींची लाज वाटली आहे, आणि त्यांतल्या बहुतेक पुढं विसरल्याही. पण पाऊस मागितल्याची लाज वाटावी, हे माझ्या कधी कल्पनेतही आलं नव्हतं. ती त्या दिवशी लोहाऱ्याच्या गाडीमागं उडालेल्या चिखलात उभ्यानं वाटली, आणि अजून दरसाल मिरग निघाला की वाटते. आणि तरीही मी म्हणतो, पडू दे.